दही वर्ज्य

"दही, ताक, इडली, डोसा, लोणचं, आंबवलेलं काहीही नाही. दोन महिने!" वल्लरीनं जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा श्रीनिवास दहीभाताचा घास उचलतच होता. "आणि हा काढा. सकाळ-संध्याकाळ."

काढा चिनी वैद्यकातला होता. तो प्यायल्यावर पोटातल्या जिवाणूंच्या वस्तीत काय उलथापालथ होते, यावर वल्लरीच्या विद्यापीठात संशोधन चाललं होतं. चिनी पोटं हवी तेवढी मिळाली, भारतीय पोटांची मात्र वानवा होती. "तुझी माणसं आण," प्रोफेसर लिम म्हणाले. डिसेंबरात वल्लरीचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, ते वाढणं याच अभ्यासावर अवलंबून होतं. म्हणून श्रीनिवासनं वुडलँड्स या आपल्या वसाहतीतल्या मराठी मित्रांना गळ घातली. दिलीप, सुबोध आणि आणखी काही जण तयार झाले. काढा प्यायचा आणि अधूनमधून एक सीलबंद डबी द्यायची. डबीत काय असायचं, ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

श्रीनिवास एका बँकेत ऑडिटर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या लबाड्या पकडण्याचा पगार घेत होता. पहिला आठवडा त्यानं प्रामाणिकपणे काढला. दुसऱ्या आठवड्यात तो शेजारच्या ब्लॉकमधल्या स्मितावहिनींकडे ड्रिल मशीन परत करायला गेला. इतरांच्या घरी दही सुपरमार्केटचं असे आणि आता तेही बंद होतं. वहिनी मात्र सांगलीहून रुमालावर वाळवून आणलेल्या विरजणाचं दही घरीच लावायच्या. अभ्यासात त्या नव्हत्या.

"भावजी, वाटीभर दही घ्या."

"नको वहिनी, बंद आहे."

"अहो, एका वाटीनं काय होतंय? वल्लरीला मी कशाला सांगतेय!"

आग्रह मोडायचा नाही, असं त्याला घरी लहानपणापासून शिकवलं होतं. शिकवण त्यानं पाळली. नंतर ती पाळायला तो वरचेवर जाऊ लागला.

दोन महिन्यांनी वल्लरी घरी आली ती नाचतच. "श्री, सापडलं! आपल्या सगळ्यांच्या पोटात एकच जिवाणू फोफावलाय. आधी कुणाच्याच पोटात नव्हता, चिनी लोकांत अजूनही नाही. म्हणजे हा काढा भारतीयांवर वेगळंच काम करतो! शुक्रवारी परिषदेत मी स्वतः मांडणार आहे."

सगळ्यांच्या पोटात? श्रीनिवास तडक दिलीपकडे गेला.

"दिल्या, खरं सांग. दही खाल्लंस?"

दिलीपनं पंख्याकडे पाहिलं. "स्मितावहिनी फार आग्रह करतात रे."

सुबोधनंही तेच सांगितलं. बाकीच्यांचंही तेच. अख्ख्या अभ्यासात चोर आपण एकटेच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"गप्प बस," दिलीपनं सल्ला दिला. "वल्लरीचं कॉन्ट्रॅक्ट वाढतंय, बिघडलं कुठे?"

पण हसऱ्या चेहऱ्यानं भाषणाची तालीम करणारी बायको श्रीनिवासला बघवेना. बोलावं तर तिची नोकरी जाणार, न बोलावं तर भर सभेत ती स्मितावहिनींचं दही चिनी शोध म्हणून मांडणार. उद्या कुणी तपासलं तर तिचं नाक कापलं जाईल. लाज वाटत होती, तरी त्यानं जेवताना सगळं सांगून टाकलं.

"आणि दिलीप?"

"तोही."

"सुबोध?"

"तोही. बाकीचेही."

वल्लरीनं ताट बाजूला सारलं. सकाळी उठली, स्मितावहिनींकडून डबाभर दही घेतलं आणि एमआरटी ट्रेननं थेट प्रोफेसरांकडे गेली. श्रीनिवासनं ऑफिसात दिवसभर एकही आकडा धड पाहिला नाही.

परत आली ती मात्र वेगळ्याच चेहऱ्यानं. "प्रोफेसर लिम आधी पाच मिनिटं नुसते हसले. मग म्हणाले, दह्यातला जिवाणू पोटात सहसा मुक्काम करत नाही, मग तुमच्यात टिकला कसा? कदाचित काढ्यानंच त्याला थारा दिला असेल. शुक्रवारचं भाषण रद्द, पण नवा अभ्यास सुरू. निम्म्यांना काढा आणि दही, निम्म्यांना नुसता काढा. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, श्री!"

श्रीनिवासला इतका आनंद झाला, की त्यानं तिथल्या तिथे पुन्हा नाव दिलं. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार होता. त्यानं श्रीनिवासला नुसता काढा दिला.

चार दिवस कसेबसे ढकलून तो स्मितावहिनींच्या दारात उभा राहिला. वहिनींच्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं.

"वहिनी, अर्धी वाटी... वल्लरीला कशाला सांगताय."

"छे हो भावजी! आता दही मोजून देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. तुम्हाला नाही देता यायचं."

आत टेबलाशी दिलीप दुसरी वाटी ओरपत होता. "श्री," तो सुस्कारा सोडत म्हणाला, "विज्ञानासाठी खावं लागतं रे."