वत्सला सिस्टरच्या गाडीचं प्रेशर

वत्सला सिस्टरना कुणी "जय भीम" केला की त्या उलट "जय भीम" म्हणतात आणि त्याच दमात समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत बघतात. अंगात रक्त आहे का, ते. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून गेला. सिस्टर निवृत्त झाल्या, अंगठा काही झाला नाही. शेजारच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाची पापणी ओढली होती. "दिसायला गोरा हाय, पण रक्त न्हाई. बाहेरच्यावर जाऊ नगा," असं नवरीच्या बापाला सांगून मग त्या जेवायला बसल्या.

"बाहेरच्यावर जाऊ नगा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कलिंगड घेताना तेच, मत मागायला आलेल्या उमेदवाराकडे बघून तेच. शिरूर अनंतपाळला त्यांच्या घरासमोरच माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे या वाक्याचा सगळ्यात जास्त मार मी खाल्ला. पोत्याच्या तोंडाशी असलेली तूरडाळ त्यांनी कधी घेतली नाही. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढणार आणि उजेडात धरणार. गिऱ्हाइकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण बोलायची सोय नव्हती. बोललं की पापणी.

त्यांच्या दारात एक पांढरी गाडी उभी असते, मागे लांब बाकडं असलेली. लातूर जिल्हा नवा झाल्यावर इकडच्या दवाखान्यांना काही गाड्या मिळाल्या, त्यातली ही एक. म्हातारी होऊन लिलावात निघाली, तेव्हा भंगारवाल्यांच्या घोळक्यात एकट्या सिस्टर उभ्या होत्या, आणि येताना गाडी घेऊनच आल्या. निवृत्तीचा पैसा कुणी घरात घालतं, कुणी जमिनीत. हिनं हे धूड कशाला घेतलं म्हणून गल्ली डोकं खाजवत बसली. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "माझी जुनी पेशंट हाय."

त्या साली पावसानं पाठच फिरवली होती. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होतो. निलंग्याच्या वाटेवरच्या एका वस्तीवर शालू नावाची पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे बाप आणि भाऊ. आई शालूला जन्म देऊनच गेलेली. आता बाळंतिणीला रोज अंग चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं असतं, आणि वस्तीवर प्यायच्या पाण्याचीच मारामार. सिस्टरनी शालूला शब्द दिला होता, "न्हाणं माझ्याकडं. तू फकस्त ये." गावाबाहेरच्या एका बोअरला अजून धार होती. तिथे ड्रम भरायचे आणि रोज सकाळी वस्तीवर जायचं, असं ठरलं.

नेमकं बाळ झालं आणि गाडीच्या क्लचनं मान टाकली. पेडल दाबलं की खाली जाऊन लोळायचं, गिअर पडायचा नाही. मुनीर मिस्त्री म्हणाले, "हवा धरलीय. काढून टाका." या क्लचमध्ये पेडलजवळच्या वरच्या सिलिंडरातून तेल नळीनं खालच्या सिलिंडरात रेटलं जातं, आणि मधे हवा शिरली की तो रेटाच लागत नाही. हवा काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली निजून हवा सोडायचं निप्पल सैल करायचं. खाली सिस्टर निजल्या. पेडलवर मी, कारण मालाचा टेम्पो बाळगणाऱ्याला पेडलची जाण असते असा त्यांचा समज. तो टेम्पो टाकी लावून टँकरच्या कामाला गेला होता, नाहीतर तोच देऊन मी सुटलो असतो.

"अप्पा, जोर लावा," गाडीखालून आवाज आला. "लावा, लावा. वरडू नगा, तोंड मिटून लावा. हाव, असं. धरा. आता सोडा. दम घ्या."

ज्या आवाजात त्यांनी तालुक्यातल्या बायका मोकळ्या केल्या, तोच आवाज. मी पोट सावरत, घाम पुसत जोर लावतोय आणि सगळी गल्ली गोळा झालेली. माझी बायको दारातून म्हणाली, "काय झालं, पोरगा का पोरगी?" आठवडाभर मला बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली.

त्या संध्याकाळी पेडल कडक लागलं. सकाळी पुन्हा मढ्यासारखं. पुन्हा हवा काढली, पुन्हा कडक, पुन्हा सकाळी तेच. सिस्टर हटल्या नाहीत. दोन कॅन घेऊन एसटीत चढल्या. कंडक्टर पाण्याच्या कॅनवरून हुज्जत घालायला लागला, तर त्याचीच पापणी ओढून म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुमचं, म्हणून राग येतोय. गूळ-शेंगदाणे खावा." कॅन गेले. पण त्या पाण्यात लेकरू न्हालं, आई काही न्हाली नाही, हे त्यांना डाचत होतं.

"कुठंतरी गळत असंल," मिस्त्री म्हणाले. सिस्टरनी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कोरडं ठाक. वरच्या सिलिंडरावरच्या छोट्या टाकीतलं तेलही जिथल्या तिथं.

"बघा, टिपूस नाही," मी म्हणालो. "गळत नाही म्हणजे हवाच आहे." मला दुकान उघडायचं होतं.

सिस्टरनी तो कोरडा कागद उलटून बघितला. मग म्हणाल्या, "अप्पा, पेडल अर्ध्यावर धरा. सोडू नगा, जास्त दाबू बी नगा."

मी धरलं. पाय होता तसाच होता, तरी पेडल हळूहळू खाली सरकत तळाला टेकलं. महादेवाची शपथ, मी दाबलं नव्हतं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण सिस्टर गाडीचं दार धरून नुसत्या उभ्या होत्या.

"आत जातंय, अप्पा," त्या म्हणाल्या. "बाहेर टिपूस न्हाई आन् आतल्या आत प्रेशर जातंय."

मिस्त्रींनी वरचं सिलिंडर खोललं. आतलं रबर झिजलं होतं, दाबलेलं तेल त्याच्या कडेनं निसटून मागे टाकीतच परत जात होतं. सिस्टर तशाच लातूरच्या एसटीत बसल्या आणि उन्हं उतरायच्या आत नवं रबर रुमालात बांधून घेऊन आल्या. ते बसलं, मी शेवटचा जोर लावला, आणि पेडल धरलं ते धरलं.

दुसऱ्या दिवशी ड्रम उतरवायला मलाही नेलं. वस्तीवर चूल पेटली, पाणी कढत झालं आणि पत्र्याच्या न्हाणीतून सिस्टरची बोलणी ऐकू यायला लागली, "पाठ वळव. डोळे मिट. लाजतीस काय?" शालू हसत होती. खूप वेळ पाणी पडण्याचा आवाज येत होता. त्या उन्हाळ्यात तो आवाज मी विसरलोच होतो.

परत निघताना सिस्टर म्हणाल्या, "अप्पा, गाडी तुम्ही चालवा." आणि मागे जाऊन बाकड्यावर बसल्या.

मी किल्ली फिरवणार तोच मागून आवाज आला, "हिची आई हितं निजली होती. निलंग्याला घेऊन चाललो होतो. शालू वाटंतच झाली, माझ्या हातात होती. बाहेर रक्त न्हाई, कायबी न्हाई. आई माझ्याकडं बघून हसली बी. मी म्हणलं, बरी हाय." बाकड्यावरून हात फिरल्याचा आवाज आला. "आत जात होतं, अप्पा."

मला ओढलेल्या सगळ्या पापण्या आठवल्या, तळातून उपसलेली माझी डाळ आठवली, आणि डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघायचा धीर झाला नाही.

"क्लच धरतोय का, बघा," त्या म्हणाल्या.

मी पेडल अर्ध्यावर दाबलं आणि धरून ठेवलं.

"धरतोय, सिस्टर."

"नीट बघा."

मी आणखी थोडा वेळ धरलं. पेडल जागचं हललं नाही.

"धरतोय."

"मग चला," त्या म्हणाल्या. "हळू सोडा."