सुतळीचं बटण

शर्यतीत नाव द्यायचं गिरधरने ठरवलं, तेव्हा शर्यत कसली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या कचेरीच्या भिंतीवर कुणीतरी एक छापील कागद डकवून गेलं होतं. काम करता करता गिरधरची नजर वर गेली आणि एकाच शब्दावर अडकली: ब्राह्मणपुरी. त्याने तिथल्या तिथे टाक उचलून आपलं नाव लिहून दिलं आणि उरलेला कागद दुपारच्या सुट्टीत वाचला. (पूर्ण वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर सही करू नये, असं तो बाजारात येणाऱ्या शेतकऱ्यांना दिवसातून दहा वेळा बजावत असे.)

साल एकसष्टचं. शहाद्याच्या कुठल्याशा तरुण मंडळाने सव्वीस जानेवारीला पोहण्याची, सायकलची आणि पळण्याची अशा तीन शर्यती ठेवल्या होत्या. पण ढाल एकच तयार होऊन आली, म्हणून सेक्रेटरींनी तिन्ही शर्यतींची एक करून टाकली. नंदुरबारच्या बाजूने तापीत उडी घ्यायची आणि पलीकडच्या प्रकाशा गावाच्या घाटाला लागायचं. तिथून सायकलने शहाद्यावरून ब्राह्मणपुरी. ब्राह्मणपुरीच्या पारापाशी सायकल टाकायची आणि पळत परत शहाद्याला.

गिरधरने पोहणं सोळाव्या वर्षी सोडलं होतं, पळणं त्याच्याही आधी. सायकल होती, पण बाजारातल्या पोत्यांच्या गर्दीत तो ती चालवण्यापेक्षा हातात धरूनच जास्त हिंडवत असे. वय चौतीस, पोट त्याहून थोडं मोठं. तरी त्याने नाव खोडलं नाही, कारण ब्राह्मणपुरी ही त्याची सासुरवाडी होती आणि त्याची बायको रंजना सहा महिन्यांपासून तिथे जाऊन बसली होती.

भांडण बटणावरून झालं होतं. रंजनाने त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला बटण लावलं, ते पिवळट दोऱ्याने. गिरधरने कचेरीतल्या दोन पाहुण्यांसमोर विचारलं, "नंदुरबारमा पांढरा दोरा भेटत नही का?" पाहुणे हसले. रंजना हसली नाही. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आते तुम्हीच शिवा," आणि दुसऱ्या दिवशी माहेरी निघाली. मोटार सुटता सुटता गिरधरनेही खिडकीशी जाऊन ऐटीत सांगितलं, "मी लेवाले येवाव नही." घ्यायला येणार नाही, हे वाक्य बोलायला त्याला एक क्षण लागला आणि ते निभवायला सात महिने.

खरं म्हणजे अशा वेळी सासरचं कुणीतरी वडीलधारं मूळ म्हणून जातं, चहा पितं, इकडचं तिकडचं बोलतं आणि सुनेला घेऊन येतं. नवऱ्याचा शब्दही राहतो आणि बायकोचा मानही. पण गिरधरला आई-वडील नव्हते, काका नव्हता, मोठा भाऊ नव्हता. मूळ म्हणून पाठवायला त्याच्याकडे माणूसच नव्हतं. आणि बोलावल्याशिवाय जावयाने आपण होऊन सासरी जाऊन उभं राहायचं, म्हणजे ब्राह्मणपुरीतल्या सगळ्या ओट्यांना वर्षभर पुरेल इतका विषय.

संध्याकाळी घरात शिरताना "उनू रे बा", म्हणजे आलो रे बाबा, असं म्हणायची त्याची सवय होती. पहिला महिनाभर तो ते कुलूप काढतानाही म्हणत राहिला. पुढे शेजारच्या बाई खिडकीतून बघायला लागल्या, तसा हळू म्हणायला लागला. घरात खिचडी करायची, पातेल्यातच खायची, पातेलं भिजत ठेवायचं आणि माठाला दिवसभराच्या बातम्या सांगायच्या. माठ ऐकून घेई, पण रंजनासारखं मध्येच "मंग?" म्हणत नसे. त्या 'मंग'वाचून गिरधरची एकही बातमी पुरी होईना. फार वाईट दिवस होते ते.

दसऱ्याच्या सुमारास त्याच सदऱ्याची वरची दोन बटणं गेली. गिरधरने सुई घेतली, बोटाला तीनदा टोचून घेतली आणि शेवटी सदरा कचेरीत नेला. तिथे मिरचीची पोती शिवणारा दगा हमाल होता. त्याने दाभण आणि सुतळी काढून दोन मिनिटांत दोन्ही बटणं बसवली आणि दातांनी सुतळी तोडत म्हणाला, "गिरधरभाऊ, आते सदरा फाटी जाई, पन बटन निंघाव नही."

तर शर्यत. गिरधरचा हिशेब सरळ होता. शर्यतीचा रस्ताच ब्राह्मणपुरीतून जातो, त्याला तो काय करणार? म्हणजे तो सासरी जाणार नव्हता, सासर वाटेत येणार होतं. पाराशेजारीच सासऱ्यांचं, हिंमतरावांचं घर. पारापाशी सायकल टाकताना रंजना दारात दिसेल. तिला दिसेल की आपला नवरा तापी पोहून आला आहे. मग पुढचं काय ते तिच्या डोळ्यांतच कळेल.

सायकल दुरुस्त करणारा शौकत त्याचा उस्ताद झाला. शौकतने सायकलचे मडगार्ड काढले, घंटी तेवढी ठेवली आणि रोज पहाटे गिरधरला धुळ्याच्या रस्त्याने पळवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात भेटेल तो माणूस विचारी, "गिरधरभाऊ, काय व्हयनं? कोन बिमार शे?" एकाने तर डॉक्टरला उठवलं. दर रविवारी तापीवर जाऊन पोहणं. पहिल्या रविवारी गिरधर बारा हात गेला आणि एका म्हशीला धरून परत आला.

"म्हैस शर्यतमा नही ऱ्हावाव, भाऊ," शौकत म्हणाला.

पण हळूहळू जमायला लागलं, आणि एक गोष्ट गिरधरच्या ध्यानात आली. घरात एकटं बसलेल्या माणसाकडे लोक कीव करून बघतात. रस्त्याने एकटं पळणाऱ्या माणसाला बाजूला होऊन वाट देतात. पळताना एकटं असणं शोभून दिसतं. म्हणून तो जरुरीपेक्षा जास्तच पळायला लागला.

सव्वीस तारखेला सकाळी चौदा गडी तापीकाठी उभे राहिले. अंगावर चड्डी आणि बनियन. बनियनवर लाल रंगाने आकडा, गिरधरचा अकरा. प्रत्येकाने आपले कपडे गाठोड्यात बांधून त्याला नावाची चिठ्ठी लावली आणि ती गाठोडी मंडळाच्या जीपने शहाद्याला, शर्यतीच्या शेवटाशी गेली. गिरधरच्या गाठोड्यात तोच पांढरा सदरा होता. दुसरा बरा सदरा नव्हताच.

जानेवारीतलं तापीचं पाणी म्हणजे अंगावर शहारा. मधोमध आल्यावर दोन्ही काठांचा आवाज बंद झाला. या क्षणी आपण बुडालो, तर घरी वाट बघणारा फक्त माठ आहे, असं गिरधरच्या मनात आलं आणि त्याला इतकं भरून आलं की त्याच भरात तो तिघांच्या पुढे निघून गेला. घाटावर सायकल धरून उभा असलेला शौकत ओरडला, "आठवा! भाऊ, तुम्ही आठवा शेत!" गिरधर आयुष्यात कुठेच आठवा आला नव्हता. शाळेत तो नेहमी मोजणी संपल्यावर सापडे.

शहाद्यापर्यंत तो सातवा झाला, शहादा ओलांडल्यावर सहावा. ब्राह्मणपुरीच्या अलीकडे समोरून एक बैलगाडी आली आणि रस्ता अडवून चालू लागली. गाडीत कुणी बायामाणसं होती, कुणी हातही करत होतं. गिरधरने मान खाली घालून घंटी बडवली, "बाजू व्हा! शर्यत शे, दखातस नही का?" असं खेकसला आणि धूळ उडवत पुढे गेला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाही नवीन होतं.

पारापाशी सायकल टाकली. छाती पुढे काढली. दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई सरलाबाई उभ्या होत्या.

"अरे देवा! जवाई! अन हाई काय आंगवर?"

सात महिन्यांनी सासूसमोर उभा राहिलेला जावई चड्डी-बनियनवर होता. गिरधरने दोन्ही हात बनियनवरच्या अकराच्या आकड्यावर ठेवले. (तिथे झाकण्यासारखं काही नव्हतं, पण सुचेना.) तेवढ्यात सासरे हिंमतराव बाहेर आले. त्यांनी दांडीवरचं आपलं धोतर ओढून जावयाच्या हातात दिलं आणि दंडाला धरून त्याला ओसरीवरच्या पाटावर बसवलं.

"मामा, शर्यत चालू शे. माले पयनं शे."

"पया ना. कोन नही म्हनस? पन दारवर येल जवाई उपाशी गया, तं मी गावले काय तोंड दखाडू?"

पाय धुवायला गरम पाणी आलं. पारापाशी सातवा गडी सायकल टाकून पळत गेला. मग आठवा. गिरधर उठू लागला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या.

तो परत बसला. रंजना! दुसरं कोण असणार? थोरामोठ्यांसमोर ती बाहेर येणार नाही, आणि थोरामोठ्यांसमोर बायकोचं नाव काढून विचारायला गिरधर काही निर्लज्ज नव्हता. आतून खापरावरचा मांडा आला. गरम, पातळ, आणि कडेला एक छोटंसं भोक. गिरधरचा ऊर भरून आला. रंजनाच्या प्रत्येक मांड्याला कडेला असंच भोक पडायचं! म्हणजे ती बोलत नव्हती, पण मांड्यातून सगळं सांगत होती. त्याने तो तुपात बुडवून खाल्ला. दुसरा आला. त्यालाही भोक. एक मांडा म्हणजे परातीएवढा ऐवज. पण 'पुरे' म्हणावं तर आत तिला काय वाटेल? प्रत्येक मांडा संपला की बांगड्या वाजत, आणि बांगड्या वाजल्या की तो पान पुढे करी. पाचव्या मांड्याला चौदावा गडीही लंगडत पारावरून गेला.

सातव्या मांड्याला गिरधरचा धीर सुटला. त्याने छताकडे बघत विचारलं, "घरमा... सगळा बरा शेत ना?"

"बरा शेत."

"सगळा घरमाच शेत?"

"रंजी नही शे," हिंमतराव पान लावत म्हणाले. "शर्यतना कागदवर तिनी तुमनं नाव वाचं, अन सकायपासून मांगे लागनी व्हती. गाडी जुपीसन शहादाले गयी, तुम्ही पयला येतस का काय ते दखाले. तुम्ही येवाना जराक पहिलेच."

"मंग आथी कोन शे?"

"वत्सला. मन्ही सून."

दाराआडून वहिनींच्या बांगड्या वाजल्या. आठवा मांडा तयार होता.

"तुम्ही माले सांगं नही?"

"तुम्ही इचारं नही," सासरे म्हणाले, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

गिरधर उठला. तरीही जावई तसाच कसा जाणार? सरलाबाईंनी कुंकू लावलं, डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. शर्यतीचा नियम म्हणून गिरधर सायकलला शिवला नाही. सात मांडे पोटात, सासऱ्याचं धोतर कमरेला आणि नारळ बगलेत घेऊन तो शहाद्याच्या रस्त्याला लागला. काही अंतर पळाला, मग चालला, मग एका बाभळीला धरून उभा राहिला. आता रस्त्याला कुणी बाजूला होऊन वाट देणारंही नव्हतं. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला थांबवून विचारलं, "वऱ्हाड कथं ऱ्हायनं, भाऊ?"

ती गेली असेल. आपण आलो नाही म्हणून वाट बघून गेली असेल, आणि या वेळी भांडण बटणाचं नसेल. या विचाराने गिरधरला मांड्यांपेक्षा जास्त जड झालं, आणि उरलेली वाट तो नुसता ते ओझं ओढत चालला.

शहाद्यात पोचला तेव्हा दुपार कलली होती. ढाल कुणीतरी घेऊन गेलं होतं, खुर्च्या गेल्या होत्या, मांडवाचे बांबू सोडायचं काम चाललं होतं. बांबू सोडणाऱ्यांनी टोपी, कुंकू, नारळ पाहून त्यालाच प्रमुख पाहुणे समजून नमस्कार केला. आणि मांडवाच्या कोपऱ्यात, जमिनीवर, मांडीवर एक गाठोडं घेऊन रंजना बसली होती.

तिने त्याला टोपीपासून धोतरापर्यंत पाहिलं.

"कथं व्हतात?"

"तुन्हा घर. मांडा खाई ऱ्हायंतू."

"कितला?"

"सात."

"वाटमा मी गाडीमाईन हात करा. तुम्ही घंटी वाजाडी. अन खेकसनात."

गिरधरने नारळ पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिने मांडीवरचं गाठोडं उघडलं आणि पांढरा सदरा बाहेर काढला. मंडळाच्या लोकांनी नेणारं कुणी नाही म्हणून तिच्याकडे दिलेला. वरच्या दोन बटणांवर तिने बोट ठेवलं. सुतळीच्या जाडजूड गाठी, आणि भोवती सगळा कपडा चुणलेला.

"हाई कोनी शिवं?"

"दगानी. बजारमा मिरचीना पोता शिवस तो."

रंजनाने पदर तोंडाला लावला. आधी खांदे हलले, मग ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बराच वेळ ती सुतळीवरून बोट फिरवत बसली. गिरधर नारळ धरून तसाच उभा होता. मग तिने डोळे पुसले, सदऱ्याची नीट घडी घातली आणि ती उठली.

"चाला घर. पेटी मना भाऊ सकाय आनी दी."

गिरधरच्या अंगात एकदम तापी पोहल्याचं बळ आलं. आपण जिंकलो! पहाटेचं ते पळणं, ती म्हैस, ते गार पाणी, काहीच वाया गेलं नाही. तो ऐटीत टोपी सारखी करत म्हणाला, "म्हनजे, मी नदी पव्हीसन उनू, ते तू आयकं ना?"

रंजना पुढे चालू लागली होती. मागे न बघताच ती म्हणाली, "इतलं पव्हानी, पयानी काय गरज व्हती? हाऊ सदरा टपालथीन धाडी देता, तं मी दिवाईलेच येई जाती."