लाल काट्याचे मूल्यांकन

केज येथील एका व्यापारी गाळे सहकारी संस्थेच्या गाळेधारकांनी आपले अध्यक्ष विजयसिंह यांना साठाव्या वाढदिवसानिमित्त स्वेच्छेने एक मनगटी घड्याळ भेट दिले. ही स्वेच्छा गोळा करायला संस्थेचा सचिव सटवा पावतीपुस्तक घेऊन प्रत्येक गाळ्यावर दोनदा फिरला होता. घड्याळ परदेशी, नामांकित, क्रीडा प्रकारातले आणि वापरलेले होते. यातला शेवटचा शब्द सत्काराच्या भाषणात नव्हता. तो पुढे लेखापरीक्षकांना सापडला.

वापरलेली वस्तू घेण्यापूर्वी तिचे मूल्यांकन करावे, असा नियम होता. घड्याळ तर घेऊन, देऊन आणि मनगटावर चढवून झाले होते. म्हणून आता करायच्या मूल्यांकनाला 'पूर्वलक्षी मूल्यांकन' असे नाव देण्यात आले. नाव मिळाल्यावर त्यात कुणालाच काही वावगे वाटेना.

तालुक्यात घड्याळ उघडून पुन्हा मिटवू शकणारा एकच माणूस उरला होता. धोंडीराम. संस्थेच्या सभागृहासमोर त्याचा सात नंबरचा गाळा. गाळा महिला राखीव कोट्यातला, त्यामुळे कागदावर त्याची बायको वनमालाबाई हिच्या नावाचा. एकतीस वर्षे धोंडीराम आत भिंग लावून बसे आणि वनमालाबाई शेजारच्या खुर्चीत बसून पट्टे आणि काचा विके. गिऱ्हाईक नसले की ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदी करी. गॅस कधी लावला, नळाला पाणी कधी आले, लाइट किती वाजता गेली. सभागृह समोरच असल्याने आणखी एक नोंद असे : पत्रिकेत वेळ काय होती आणि साहेब, म्हणजे अध्यक्ष विजयसिंह, किती वाजता आले.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वनमालाबाई गेली. तिची खुर्ची धोंडीरामने हलवली नव्हती. तीत कुणी बसू लागले की तो म्हणे, "तिचा पाय ढिला हाय, पडाल." खुर्ची ठणठणीत होती.

संस्थेच्या नियमाप्रमाणे मयत गाळेधारकाचा गाळा वर्षाच्या आत वारसाच्या नावावर व्हायला हवा, नाहीतर तो संस्थेकडे जमा. अकरावा महिना लागला होता. धोंडीराम अर्ज घेऊन सहा वेळा संस्थेत गेला आणि सहाही वेळा अर्ज घेऊनच परत आला.

अशात एका सकाळी साहेबांचा स्वीय सहायक अंगद घड्याळ आणि त्याचा डबा रुमालात बांधून गाळ्यावर आला.

"धोंडूमामा, हे खरं हाय का खोटं तेवढं सांगा. लेखी पायजे."

"आन माझा अर्ज?"

"त्यो बी होईल की. आधी साहेबांची वेळ, मग तुमची."

मूल्यांकन एकट्याने करणे नियमात बसत नव्हते. तीन जणांची समिती झाली. अंगद अध्यक्ष, धोंडीराम तज्ज्ञ सदस्य, आणि घड्याळ क्रीडा प्रकारातले असल्याने शाळेतले क्रीडाशिक्षक माऊली सर. सरांनी बसल्या बसल्या मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"साहेब कोणता खेळ खेळतात?"

"लग्नाला जातेत," अंगद म्हणाला.

"दिवसाला किती?"

"सीझनला चौदा-पंधरा."

सरांनी 'मैदानी' असे लिहून घेतले.

धोंडीरामने हात धुतले, पांढरा कागद अंथरला आणि डोळ्याला भिंग लावले. चावीने मागचे झाकण फिरवून काढले. आतले यंत्र पाहून तो आणखी खाली वाकला. असले काम त्याने आजवर फक्त चित्रात पाहिले होते. सवयीने त्याने घड्याळ शेजारच्या खुर्चीकडे वळवले, दाखवायला. मग परत आपल्याकडे घेतले.

"खरं हाय," तो म्हणाला. "यंत्र अस्सल. काच बदललेली. पट्ट्याच्या कड्या ढिल्या झाल्यात, आधीचा मालक जाड होता. डबा मात्र दुसऱ्याच घड्याळाचा हाय."

शंभर मीटर खोल पाण्यात चालेल, असे मागे कोरलेले होते. ही चाचणी घ्यावी असे माऊली सरांचे मत पडले. चौकशीअंती असे आढळले की आसपास शंभर मीटर पाणी कुठेच नाही. तीनशे मीटरचे बोअर आहेत, पण त्यांत पाणी नाही. सबब ही चाचणी 'पाण्याअभावी' वगळण्यात आली.

अडचण वेगळीच निघाली. घड्याळाला चार काटे होते. तीन नेहमीचे काळे आणि चौथा लाल. तो चोवीस तासांत एक फेरी मारायचा.

"ह्यो कशाला?" अंगदने विचारले.

"दुसऱ्या देशाची वेळ बघायला. हितं किती वाजले ते या काट्यावर, तिकडं किती वाजले ते लालवर."

"पन साहेबांचं तिकडं कुणीच न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या तसाच."

"ऱ्हाऊ द्या कसा? विनावापर मालमत्ता म्हणून शेरा येईल. किंमत घटंल."

माऊली सरांनी लंडन सुचवले. साहेबांना थंडी सोसत नाही, म्हणून ते बारगळले. दुबई म्हटले तर लोक भलताच संशय घेतील. असा दीड तास गेला. तेवढ्या वेळात धोंडीरामची दोन गिऱ्हाइके परत गेली. तो वैतागला आणि भिंतीकडे बोट करून म्हणाला,

"साहेब पत्रिकेतल्या वेळेला कुठं येतेत? त्यायच्या यायची वेळ लावा त्या लाल काट्यात. म्हंजे झालं!"

हा टोमणा होता. पण अंगद हसला नाही. तो उठला आणि खिळ्यावरच्या एकतीस वर्षांच्या दिनदर्शिका त्याने खाली उतरवल्या. माऊली सर मोठ्याने वाचू लागले.

"हळदीकुंकू, पत्रिका चार, साहेब सात दहा. वृक्षारोपण, पत्रिका नऊ, साहेब साडेबारा, रोप सुकले. पाणपोई उद्घाटन, पत्रिका दहा, साहेब दोन, तोवर पाणी संपले." मग सर थांबले. शेवटची नोंद वेगळ्या अक्षरात होती. "दहावा, पत्रिका आठ, साहेब पावणेबारा. भाषणात तुझं नाव सावित्रीबाई घेतलं."

"ती मी लिहिली," धोंडीराम म्हणाला. "फुडं चला."

पुढे काही नव्हते. सरांनी सरासरी काढली. तीन तास वीस मिनिटे. पण लाल काटा पुढेमागे होतो तो पूर्ण तासानेच, वीस मिनिटे त्याला कळत नाहीत. तीन लावायचे की चार?

"तीन लावले तर साहेबांना वीस मिनटं लवकर यावं लागंल," अंगद म्हणाला. "सवय न्हाई त्यायला."

चार लावले. काळे काटे अकरा दाखवत तेव्हा लाल काटा सात दाखवू लागला, आणि लालमध्ये अकरा वाजायला दुपारचे तीन व्हावे लागत. अहवालात पहिल्या वेळेला 'लोकवेळ' आणि दुसरीला 'साहेबवेळ' म्हटले गेले. साहेबांनी अहवाल दोनदा वाचून घेतला.

"म्हंजे आजवर मी लेट न्हवतोच?"

"न्हवता, साहेब," अंगद म्हणाला. "घड्याळ अपुरं होतं."

त्या दिवसापासून साहेब मनगटाशिवाय कुठे बघेनासे झाले. पत्रिकांवर 'सकाळी ११ (लाल)' असे छापून येऊ लागले. लोकांना ही सोय फार आवडली. आधी चार तास सतरंजीवर बसावे लागे, आता चार तास घरी बसता येऊ लागले. मग लोकांच्या लक्षात आले की लाल काटा आपल्यालाही हवा. शिंप्याने ब्लाउज लालप्रमाणे द्यायला सुरुवात केली. नवरदेव लालप्रमाणे मांडवात येऊ लागले. माऊली सरांची मुले शाळेत लालप्रमाणे आली आणि त्यांना सुट्टीची घंटा तेवढी ऐकायला मिळाली. जो तो आपले भिंतीवरचे घड्याळ घेऊन धोंडीरामकडे येई. तो पत्र्याचा काटा कापून, लाल रंग देऊन बसवून देई. महिन्याभरात त्रेचाळीस काटे गेले. एकतीस वर्षे वेळ बरोबर लावून जेवढे मिळाले नव्हते तेवढे ती चुकवून मिळाले. त्याला लाज वाटली, पण रंगाचा डबा त्याने दुसराही आणला.

सातव्यांदा तो अर्ज घेऊन सटवाकडे गेला.

"अर्ज लोकवेळेनं बारापर्यंतच घेतो आपण," सटवा म्हणाला. "आन त्याच्यावर आधी अध्यक्षांची त्याच तारखेची सही लागती."

"मग सही घेतो."

"घ्या की. अध्यक्ष बसतेत साहेबवेळेनं अकराला."

"म्हंजे दुपारी तीनला."

"हां."

"तीनला सही घिऊन बाराला अर्ज कसा देऊ रं, सटवा?"

सटवाने नियमांचे पुस्तक चाळले. "जमलंच पायजे असं कुठं लिहिलेलं न्हाई, मामा. दिलाच पायजे एवढंच लिहिलंय."

सटवा वाईट नव्हता. त्यानेच एक वाट सांगितली. येत्या सोमवारी 'सकाळी ११ (लाल)' वार्षिक सभा होती. तिथे थेट ठराव झाला तर अर्जाची गरज नव्हती. वर्ष संपत होते मंगळवारी. सटवाने गाळ्याचा विषय पत्रिकेत घातलाही. विषय क्रमांक अकरा. पहिले दहा विषय सत्काराचे होते, आणि संस्थेच्या आजवरच्या इतिहासात एकही सभा सातव्या सत्काराच्या पुढे गेली नव्हती.

शनिवारी अंगद घड्याळ घेऊन आला. "काच धूसर झालीय, पुसून द्या. आन ती खुर्ची बघू, बसतो जरा."

"पाय ढिला हाय."

"लई दिवस झाले, मामा, नीट कावून करीत न्हाई?" असे म्हणत अंगद समोरच्या टपरीवर चहाला गेला.

धोंडीरामने काच पुसली. मग किल्ली बाहेर ओढून त्याने लाल काटा पुढे घेतला. एक, दोन, तीन, चार. लाल काटा आणि काळे काटे एकच वेळ सांगू लागले.

"खोटं न्हाई केलं," तो खुर्चीकडे बघून हळूच म्हणाला. "घड्याळ बरोबर लावलं. धंदाच हाय आपला."

सोमवारी साहेबांनी मनगट पाहिले. लालमध्ये साडेदहा. ते निघाले. उन्हावरून वेळ ओळखण्याचा प्रश्न नव्हता, गाडीच्या काचा काळ्या होत्या. ठीक अकरा वाजता साहेब सभागृहात शिरले. आत चारशे खुर्च्या, माइकची वायर सोडवत बसलेला सटवा आणि इस्त्रीचा सदरा घातलेला धोंडीराम.

"लोक कुठंयत बे?" साहेब म्हणाले.

सटवाच्या हातातून माइक पडला. साहेब कार्यक्रमाला आधी आल्यावर काय करायचे, हे नियमांच्या पुस्तकात नव्हते. पण दुसरा एक नियम होता.

"गणसंख्या न्हाई, साहेब. सभा अर्धा तास तहकूब करावी लागंल. अर्ध्या तासानं हितंच परत भरवायची, मग गणसंख्येची अट ऱ्हात न्हाई."

अर्धा तास तिघे बसले. एवढा वेळ कुणी मंचावर न बोलावता, हार न घालता साहेब पहिल्यांदाच एका खुर्चीत बसले असतील. साडेअकराला सभा सुरू झाली. पहिल्या दहा विषयांतले सत्कारमूर्ती हजर नव्हते, टाळ्या वाजवणारेही नव्हते. दोन मिनिटांत विषय क्रमांक अकरा आला.

"वनमाला कोन?" साहेबांनी विचारले.

"माझी मालकीण, साहेब. गेल्या साली दहाव्याला आलतात तुमी."

"आलतो, आलतो." साहेबांनी मान खाली घातली. मोकळ्या सभागृहात त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. "जरा उशीर झालता तवा."

"न्हाई, साहेब. घड्याळ अपुरं होतं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग मनगटाकडे, आणि सही केली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

दुपारी तीनला चारशे माणसे हार, फेटे आणि हलगी घेऊन आली. सभागृहाला कुलूप होते. सभा झाली, साहेब येऊन गेले, हे कळल्यावर लोक खवळले. शिष्टमंडळ साहेबांच्या दारात गेले.

"आमी टायमावर आलो आन तुमी चार तास आधी? लोकांना न इचारता?"

"मी घड्याळ बघूनच आलो," साहेब केविलवाणे म्हणाले.

"मग घड्याळ खोटं हाय!"

समिती पुन्हा बसली. दुसरा अहवाल एका ओळीचा होता : 'सदर घड्याळ वापरून अध्यक्ष वेळेवर पोहोचल्याने ते बनावट असल्याचे सिद्ध होते.' तज्ज्ञ सदस्याने विरोधी मत नोंदवले. ते दोन विरुद्ध एक असे फेटाळण्यात आले. घड्याळ कपाटात गेले. साहेबांनी जुने घड्याळ काढले आणि पुढच्या कार्यक्रमाला साडेतीन तास उशिरा पोहोचले तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. विषय क्रमांक अकराचा ठराव रद्द करायला खास सभा बोलावली आहे. ती अजून भरायची आहे, कारण सगळे एकमेकांची वाट बघून निघतात.

सात नंबरच्या गाळ्यात धोंडीराम बसतो. शेजारी खुर्ची आहे. सभेच्या दिवशी संध्याकाळी त्याने दिनदर्शिकेत तिच्या नोंदींच्या खाली लिहिले : 'सभा, पत्रिका अकरा. साहेब अकरा. लोक तीन.'

गाळ्यावर येणारा प्रत्येक जण ती ओळ वाचतो, हसतो आणि विचारतो, "लोक म्हंजे कोन कोन हो, मामा?"

"नावं न्हाईत लिहिलेली," धोंडीराम भिंग न काढता म्हणतो. "ती बी कधी लिहीत न्हवती. म्हणायची, वाचणाऱ्याला कळतंच."