बारमधला एकमेव श्रोता

कलेला श्रोता लागतो, हे सर्वमान्य सत्य आहे. श्रोत्याला कला लागते की नाही, यावर मात्र अद्याप एकमत झालेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसा बार आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी इथलेच बँड वाजवतात. व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे. पहिला बँड वाजवतो तेव्हा दुसरा ऐकतो (म्हणजे गिटारच्या तारा जुळवतो). दुसरा वाजवतो तेव्हा तिसरा ऐकतो (म्हणजे पहिल्याला नावं ठेवतो). तिसरा वाजवतो तेव्हा त्यांच्या बायका, मेहुणे आणि एक आत्या ऐकतात. वाजवून झालेला बँड मागे थांबत नाही. कलावंताने आपली उंची जपायची असते. शिवाय ड्रम न्यायला टेम्पो बाहेर उभा असतो.

अशा या सुरळीत कारभारात एके दिवशी मालकाने खोडा घातला.

"पुढच्या शनिवारी एक तरी खरा श्रोता दाखवा. नाहीतर स्टेज काढून टीव्ही लावतो. टीव्हीला मेहुणे नसतात."

खरा श्रोता, व्याख्या: जो वाजवत नाही, वाजवणाऱ्याचा नातलग नाही आणि चुकून आत आलेला नाही.

तिसऱ्या बँडचा गायक पेशाने प्लंबर. त्याचा चेहरा उतरला. आठवडाभर लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालायचं, ते या पाऊण तासाच्या भरवशावर.

शनिवार. छाननी.

आत्या: बाद.

संडास कुठे आहे विचारणारे गृहस्थ: बाद. (सापडल्यावर परतलेही नाहीत.)

मनापासून टाळ्या वाजवणारा तरुण: बाद. डास मारत होता.

कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र एक काका. पुढ्यात सोडा, डोळे मिटलेले, कपाळावर रसिकाच्या आठ्या. प्लंबर त्यांच्याकडे बघून जीव तोडून गायला. शेवटचं गाणं संपताच काका उठले आणि थेट स्टेजपाशी आले.

"दर शनिवारी तुम्हीच का?"

"हो काका!"

"मी या मागच्या भिंतीपलीकडे राहतो. तक्रार करायला आलोय."

बारमध्ये शांतता पसरली. (पहिलीच वेळ.)

"मग आल्या आल्या का नाही बोललात?" मालक.

"गाणं चालू असताना? एवढी रीत कळते मला. आणि हा तुमचा ड्रमवाला. त्या जिन्याच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला हमखास मागे पडतो. लाटणं घेऊन भिंतीवर ठोकतो मी, ताल दाखवायला. ऐकेल तर शपथ!"

ड्रमवाला पांढराफटक पडला. "ते तुम्ही? मी तर त्या ठोक्यावरच वाजवतो!"

प्लंबरने आनंदाने काकांना मिठी मारली. "मालक, हा घ्या श्रोता! नातलग नाही, चुकून आलेला नाही..."

"पण वाजवतो," मालक म्हणाला. "बाद."

काकांनी विरोध केला नाही. उलट, पुढच्या वेळी वादकांची ओळख करून देताना आपलंही नाव घेणार का, एवढंच हळूच विचारलं.

टीव्हीवाला शनिवारी येतोय. श्रोत्याची जागा अजून रिकामी आहे. मी तुमचं नाव पुढे करणार होतो: वाजवत नाही, आमचे कोणी लागत नाही, आणि इथवर चुकून कोणी येत नाही. पण खरं सांगा, वाचताना एकदा तरी मनात आलंच ना, की हे मी याच्यापेक्षा बरं लिहिलं असतं?

बाद.