डब्यातलं ऊन

आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत साखर, डाळ, शेंगदाणे सगळेच डब्यांत ठेवतात. तिसऱ्या मजल्यावरचे शंकरतात्या ऊन ठेवतात. डब्यांवर चिठ्ठ्याही असतात: ‘चैत्र, मंगळवार, कडक.’ ‘वैशाख, दुपारनंतर ढग, बेताचं.’

तात्या फौंड्रीतून निवृत्त झालेले. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी आरशाच्या तुकड्यांची मोठी परात आणि तिच्यासमोर लोखंडी भांडं बसवलं. त्यात विरलेला, म्हणजे पाणी प्यायलेला चुना भाजायचा. पाणी उडून जातं, कळीचा चुना उरतो. तो हवाबंद ठेवायचा. हवं तेव्हा पाणी घातलं की खाल्लेलं ऊन तो परत देतो.

“माणसापेक्षा चुना बरा, वैनी. घेतल्यालं परत देतोय की!” तात्या मला म्हणायचे.

टाकीशेजारी अडचण होते, कोपऱ्यात हलवा, असं मी कितीदा सांगितलं. ऐकायचे नाहीत. एकदा माझ्या सासूबाईंनी त्यातला एक डबा भिजवून तुळशीवृंदावनाला फासला, तेव्हा “आख्खा चैत्र भिंतीला लावलासा!” म्हणत आठवडाभर फुरंगटून होते.

घोटाळा झाला तो नावामुळे. भांड्याला तात्या ऐटीत ‘रिअ‍ॅक्टर’ म्हणायचे. तळमजल्यावरच्या पाटलांनी ते ऐकलं आणि सोसायटीकडे अर्ज आला: गच्चीवर अणुभट्टी आहे. सोसायटीची सचिव मी. नोटीस मीच दिली. रविवारी सगळ्यांसमोर उपयोग दाखवा, नाहीतर भंगारवाला बोलावते.

रविवार आला तोवर आठ दिवस ढग हटले नव्हते. त्यात वीज गेलेली. पाटील खूश.

“काय तात्या, आज ऊन कुठनं आणतासा?”

“फळीवरनं,” म्हणत तात्यांनी जिन्यातच ‘चैत्र, मंगळवार, कडक’ उघडला. दुहेरी पातेल्याच्या बाहेरच्या कप्प्यात चुना ओतला, आतल्यात चहाचं पाणी. मग चुन्यावर पाण्याची धार धरली.

“लांब सरका, पावणं!”

पातेलं सूं सूं करू लागलं. जिनाभर वाफ. ना गॅस, ना काडी, आणि आतलं पाणी खळखळा उकळलं! सगळा जिना टाळ्या वाजवत होता. अणुभट्टीवरचा चहा पाटलांनी दोनदा मागून घेतला. “व्हय, पण साखर कमी हाय,” एवढाच त्यांचा विरोध उरला. मी नोटिशीच्या मागेच ठराव लिहिला: भट्टी राहील.

सहीसाठी बघते तर तात्या गायब. त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. आत त्यांच्या पत्नी सुमनकाकू कॉटवर बसलेल्या. पूर्वी त्या थंडीभर गच्चीत ऊन खात बसायच्या. गुडघे गेल्यापासून दोन वर्षांत वर आलेल्या नाहीत. तात्यांनी दुसऱ्या डब्यावर तापवलेलं पाणी रबरी पिशवीत भरून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलं होतं.

“आजचं कुठलं वो?” काकूंनी विचारलं.

तात्यांनी चिठ्ठी वाचली. “वैशाखातलं. टाकीशेजारचं, तुझ्या जागंवरचं.”

काकूंनी चेहरा जरा वर केला आणि उन्हात मिटतात तसे डोळे मिटले.

सही मी दुसऱ्या दिवशी घेतली.