कॅप्टन एकटाच जेवतो

आमच्या शेजारचे वर्तककाका सकाळी साडेसातला पितळी घंटेचे सात टोले देतात, आठला आठ, आणि साडेआठला एकच. संध्याकाळचा हिशोब तर आणखी निराळा, साडेसातला तीन. जुन्या युद्धनौकांवर म्हणे असंच चालायचं. आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहायला आलो तेव्हा या घंटेवर विसंबून मी चांगल्या दोन ट्रेन चुकवल्या. आता मोबाइल बघते. तरी पांघरुणात असताना पहिला टोला कानावर पडला की वाटतं, अरे देवा, आणखी एक दिवस.

काका नौदलात होते असं कोणालाही वाटेल. छे! ते कौन्सिलमध्ये बॉयलर तपासायचे, तेही शाळांचे आणि लायब्ररीचे. पाण्याशी त्यांचं मुळीच जमत नाही. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या ट्रिपला थेम्सवर बोटीत बसलो, तर विंडसर यायच्या आत काका पांढरेफटक पडले आणि सगळ्यांचा बटाटेवड्यांवरचा मूड गेला. पण शंभर वर्षांपूर्वीच्या, कोळशावर चालणाऱ्या युद्धनौकेवर रोज काय चालायचं हे मात्र ते असं सांगतात, जणू कालच रजेवर घरी आलेत. तोफांचं नाव काढलं की चिडतात. "तोफा काय घेऊन बसलीस! हजार माणसं रोज जेवायची कुठे, ते विचार."

मी विचारत नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, दिवसभर लोक मला विचारतच असतात. पण काकांना त्याने फरक पडत नाही. खलाशी जेवायचे तिथेच झोपायचे, छताला दोरांनी टांगलेली टेबलं आणि रात्री त्याच जागी झोळ्या, एकेका टेबलाची माणसं पाळीपाळीने भाजी चिरून भटारखान्यात शिजवायला नेऊन द्यायची, हे सगळं मला आता झोपेतही म्हणून दाखवता येईल.

कोळसा भरायचा, म्हणजे 'कोलिंग'चा, दिवस आला की जहाजावर कोणाचीच सुटका नसे. ऑफिसरसुद्धा फावडं घेऊन काळे व्हायचे. म्हणून शनिवारी सुपरमार्केटची व्हॅन आली की काका कुंपणावरून ओरडतात, "कोलिंग! ऑल हँड्स!" आणि माझा नवरा मंदार, आठवडाभर कामाने पिट्टा पडलेला, स्लिपर्स फरफटत जाऊन त्यांच्या पिशव्या आत नेतो. मग पॅटिओ धुणं आलंच, कारण कोळसा भरला की डेक धुवायचा असतो.

नलूकाकू होत्या तोवर या सगळ्याला लगाम होता. काकांनी वरच्या खोलीपासून, म्हणजे 'ब्रिज'पासून, खालच्या स्वयंपाकघरापर्यंत, म्हणजे 'गॅली'पर्यंत, पितळी नळी बसवलेली. एका टोकाने फुंकलं की दुसऱ्या टोकाच्या बुचातली शिट्टी वाजते, मग बूच काढून बोलायचं. आमची दोन घरं जोडून, मधली भिंत एकच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"ब्रिज टू गॅली! चहाची काय पोझिशन?"

"गॅली म्हणतेय, पाय मोडलेत का? खाली या!"

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. नळी गप्प झाली. काका वाळत चालले, कॉलर गळ्याभोवती हेलकावे खायला लागली. ब्रिस्टलहून त्यांची मुलगी मला फोन करायची, "ताई, बाबा जेवतात का गं? मला तर सगळं फाइन आहे म्हणतात." मला काळजी वाटायची, पण कामावरून घरी आले की स्वतःचे डोळे उघडे ठेवणं मुश्कील. तरी कचऱ्याचा बिन बाहेर काढताना काका दिसले की मी म्हणायचे, "काका, या ना कधीतरी जेवायला."

काका पाठ ताठ करायचे. "कॅप्टन एकटाच जेवतो. नियम आहे."

नियम खरा होता. एवढ्या गर्दीत कॅप्टनची केबिन वेगळी, टेबल वेगळं, ताट वेगळं. मंडळातल्या सगळ्यांनी 'या कधीतरी' म्हणून पाहिलं, सगळ्यांना हेच उत्तर मिळालं. लोक म्हणाले, म्हातारा माणूसघाणा झाला.

गेल्या शनिवारी कोलिंगला मंदारबरोबर मीही गेले. पिशव्यांत एका माणसाचं सामान. सूपचे डबे, छोटा ब्रेड. मंदार आधीच वैतागलेला. म्हणाला, "काका, तुमच्या कॅप्टनला बोअर नाही व्हायचं? हजार माणसं शिप्‌वर, आणि हा एकटाच सूप पितोय!"

काका फळीवर डबे लावत होते. "ऑफिसरांची जेवणाची खोली असते. वॉर्डरूम. तिथे जाता येतं त्याला."

"मग जायचं की!"

"स्वतःहून नाही. जहाज त्याचं, पण त्या खोलीत तो पाहुणा. त्यांनी बोलवावं लागतं." त्यांनी एक डबा उगाच फिरवून पुन्हा तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळे म्हणतात, या कधीतरी. हा कधीतरी नेमका कुठल्या वारी येतो गं?"

मंदार पिशवीची घडी घालत राहिला.

बुधवार हा माझा सगळ्यात वाईट दिवस. औषधांचा स्टॉक येतो, परत येताना ट्रेनमध्ये बसायलाही मिळत नाही. पण तोंडात तोच आला.

"बुधवारी या, काका. तीन टोल्यांना."

काकांनी पाठ ताठ केली. "टाय घालून येईन," म्हणाले.

बुधवारी मी अंगातला कोटही न काढता पिठलं ढवळत होते. भिंतीपलीकडे तीन टोले पडले आणि लगेच बेल वाजली. काका दारात. ब्लेझर, टाय, पॉलिश केलेले बूट. दार उघडं असूनही उंबऱ्याबाहेर उभे, 'आत या' म्हणेपर्यंत.

आत आल्यावर त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या ओट्यावर ठेवलं. नळीचं पितळी बूच, शिट्टीसकट. लख्ख घासलेलं.

"गॅलीकडचं आहे. नलूचं," ते म्हणाले. "आपली भिंत एकच आहे. एवढंसं भोक पाडलं तर चालेल का?"

भिंत गेल्याच वर्षी रंगवली होती. मी गॅस बारीक केला.

"आधी जेवून घ्या," मी म्हटलं, "मग कुठे पाडायचं ते दाखवते."