भेगेच्या टोकावरची तारीख

म्हात्रेकाका आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघायचे. भेग दिसली की कानामागची पेन्सिल काढून तिच्या टोकाशी आडवी रेघ मारायचे आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख लिहायचे. पुढच्या वेळी भेग रेघेपलीकडे गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. रोह्यातल्या आमच्या आठ बिऱ्हाडांच्या चाळीत एकही भिंत त्यांनी सोडली नव्हती. रंगारी आला तेव्हा माझ्या बायकोने त्याला तेवढी पट्टी सोडून रंग मारायला लावला होता, यावरून काय ते समजा.

काका मूळचे पेणजवळच्या खारेपाटातले. धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. पुढे लातूरकडचा भूकंप झाला आणि काकांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर पैदा केला. टोकाच्या खोलीत ते आणि तो, असे दोघंच राहायचे.

पडद्यावर नुसते चौकोनच चौकोन. "हा जमिनीच्या पोटातला खडक," काका सांगायचे. "दर चौकोनावर हळूहळू भार चढतो. सोसवंना झालं की तो सरकतो आन आपला भार चार शेजाऱ्यांना वाटून मोकला. मग त्यांच्यातला एखादा सरकतो." बहुतेक वेळा दोन-तीन चौकोन लुकलुकून गप्प व्हायचे. क्वचित एकापाठोपाठ एक करत अख्खा पडदा हलायचा. पहिला चौकोन बघून प्रकरण कुठवर जाईल, हे काकांनाही कळायचं नाही. "सुरुवात सगल्यांची सारखीच," हे त्यांचं पालुपद. नळावर भांडण जुंपलं तरी कोण चुकलं हे न विचारता 'पहिला चौकोन कुठला सरकला' याची चौकशी करत ते मध्ये उभे राहायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचे.

पुढल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी सकाळी ते चहावाल्याला म्हणाले, "आज सांजपत्तर मोठा येनार, बघ." ते बोलत होते पडद्याबद्दल, तिथे भार बराच साठला होता. चहावाल्याने ते खऱ्या भूकंपाचं समजून चाळभर केलं. दुपारी चारला मी धाटावहून, कामावरून परतलो तर अख्खी चाळ अंगणात. रुकय्याचाचीने नवऱ्याने कुवेतहून पाठवलेला टेपरेकॉर्डर रजईत गुंडाळून आणला होता. पाटलांचा गणपती पेणहून आणून ठेवलेला, तोही पाटासकट बाहेर आला, तोंडावरचा रुमाल तसाच. देव बाहेर बसलाय म्हटल्यावर कोणी आत जाईना. पाऊसही कधी नव्हे तो गप्प होता. चाचीने स्टोव्हवर भजी काढली, पाटलीणबाईंनी चहा केला आणि मधोमध खुर्ची टाकून काका बसले.

आठ वाजले तरी पान हललं नाही. तेव्हा कुठे पाटलांनी विचारलं, "काका, येनार कधी तो?"

"तो पडद्यावरचा व्हता," काका हळूच म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. "देवाला उघड्यावर आनलंत," पाटील एवढंच बोलले आणि गणपती उचलून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून काकांना कोणी दारात उभं करीना. मीही नाही. मी कोणाशी भांडलो नाही, ते दिसले की घड्याळ बघून चालू लागायचो. चाळीत वाईट कशाला व्हा, एवढाच विचार. आज आठवलं की लाज वाटते.

दिवाळी होऊन गेली. एके दिवशी बायको म्हणाली, "भेग बघितलीत? वीतभर पुढे गेली." शेवटची तारीख गणपतीच्या आधीची होती. पुढची वीतभर भेग तशीच, रेघेवाचून. मी उठलो आणि टोकाच्या खोलीत गेलो.

काका पडद्यासमोर बसले होते. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं. "काका, चार वाजताच का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच आलो व्हतो. पन चाचीनं भजी दिली. पाटलीन म्हनाली, काका, हितं मधी बसा. ही गेल्यापासून एवढी मानसं माझ्या आजूबाजूला कधी बसली नव्हती. म्हटलं, आजून थोडा वेल."

मग पडद्याच्या कडेला बोट ठेवून म्हणाले, "हा बघ काठावरचा. याला एका अंगाला शेजारीच नाय, तिकडचा भार भायेर पडून जातो. मी हा काठ त्या काठाला जोडून बघितला. पन मग भाराला भायेर जायला वाटच ऱ्हायली नाय. एकदा हलायला लागलं की थांबतच नाय. परत सोडवला. कोनीतरी काठावर ऱ्हायला लागतंय."

"आमच्याकडची भेग पुढे गेलीय," मी म्हटलं. "तारीख टाकायला या."

त्यांचा हात कानामागे गेला. पेन्सिल नव्हती. ती खणात सापडली. ब्लेडने टोक काढून ते माझ्यामागून आले. भेगेवरून बोट फिरवत टोकाशी थांबले, रेघ मारली, तारीख लिहिली. बायकोने चहा दिला तो बसून प्यायले आणि निघताना दारात थबकले.

"उद्या येतो परत बघायला. सरकली असंल."

भेग एका दिवसात सरकत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "या."